दहावा टाका

५ ऑगस्ट

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. लहानपणी रडून घर डोक्यावर घ्यायचीस म्हणून टिटवी नाव पडलं. आता दुसरीच्या वर्गात अशा बावीस टिटव्या तुझ्या पदरात आहेत. फेड केलेल्या कर्माची.

मी शाळेत दीड वर्ष गेले, त्यातलं निम्मं बाकाखाली, म्हणून पत्रंही नेहमीप्रमाणे शेजारणीची मुलगीच वाचते आणि लिहिते. पण शिंप्याच्या दुकानात तीस वर्षं हाताने शिवण केली, तिथलं काही विसरले नाही. आकडा तोंडाने म्हटला की वाऱ्यावर जातो, सुईने घातला की कापडात राहतो. पोरांना बोथट सुया दे आणि कापडाच्या पट्ट्या. एका पट्टीवर साध्या धावदोऱ्याचे दहा टाके. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की वीस. दहा जोडल्या की शंभर, आणि बसायला आसनही झालं. नुसते पाढे घोकून कुणाला बूड टेकायला काही मिळालं आहे का?

आई गेल्यापासून जी पोर वर्गात चकार शब्द काढत नाही, जिला बाकीची मुकी म्हणतात, तिला पहिली सुई दे. बोल म्हणू नकोस. परीक्षेत शंभरापर्यंत मोजलं नाही तर मोठ्या बाई तिला परत पहिलीत बसवणार म्हणतेस. एकदा मागे बसवलेलं पोर पुढे यायला फार वेळ लागतो. तेव्हा हयगय नको.

सोबत नमुन्याची पट्टी आहे. सुई शेजारणीच्या मुलीने ओवून दिली, तिला दुसरं काम नव्हतं.

जेवत जा. माया आहे ती तिथेच आहे, तिची काळजी नको.

तुझी आजी

२ सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. बेकरीवाल्याची मुलगी घरून येताना बोटाला चिंधी बांधून येते, म्हणजे सुई टोचायच्या आधीच औषध झालेलं असतं. तुझा नमुना प्रत्येक पट्टीवर ठेवून मी पेन्सिलीचे ठिपके काढून देते, पोरं ठिपक्यांवरून शिवतात. वीस, तीस, चाळीस असं आता सगळा वर्ग म्हणतो.

पण मुकीचं बिनसलं आहे. तिचा हात सगळ्यांत नीट. मात्र दर वेळी ठिपके संपले की ती एक टाका जास्त घालते. दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मी तिच्यासमोर तो टाका उसवला आणि म्हटलं की नमुन्यापेक्षा शहाणपण नको. तेव्हापासून चार दिवस तिने सुईला हात लावलेला नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. परीक्षा महिन्यावर आली. आजी, मी काय करू ते लवकर कळव.

तुझी पत्रं येत राहोत, रागाची आली तरी चालतील.

टिटवी

६ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुला पाठवलेल्या नमुन्याबरोबर त्याच दिवशी त्याच हाताने शिवलेली दुसरी पट्टी माझ्या डब्यात होती. शेजारणीच्या मुलीकडून मोजून घेतली. नऊ टाके. पुन्हा मोज म्हटलं. नऊ. तिसऱ्यांदा ती माझ्यावरच वैतागली.

म्हणजे तुझा नमुना नवाचा आहे. ती पोर दहा घालत होती.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्ष झालं. सांगितलं नाही, कारण तू धावत आली असतीस आणि मला चिरफाड करून घ्यायला लावलं असतंस. बोटाच्या सवयीने शिवते, बोटांना वाटलं दहा झाले. माझं चुकलं. पण तू मास्तरीण ना गं? बावीस पोरांना मोजायला शिकवतेस आणि आजीची पट्टी आली म्हणून स्वतः मोजली नाहीस.

आणखी एक लिहिते, परत विचारू नकोस. तुझी आई नऊ वर्षांची असताना तिने शिवलेली एक बाही मी चुकली म्हणून उसवली होती. दुसऱ्या दिवशी मापाला लावली तर तिचीच बरोबर होती. मी गप्प बसले, तिने पुन्हा शिवली. आता ती नाही. कुणाला सांगू?

तू मात्र उद्याच सगळ्या वर्गासमोर सांग की नमुना चुकला, आजीही चुकली, तूही चुकलीस आणि ती बरोबर होती. कारणं देत बसू नकोस. तिच्या हातात सुईही कोंबू नकोस. टेबलावर ठेव आणि बाजूला हो.

चुकलेल्या म्हातारीवर लोभ ठेवायचा की नाही ते तुझं तू बघ.

आजी

८ ऑक्टोबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

सांगितलंस तसं केलं. आधी बेकरीवाल्याच्या मुलीने आपली पट्टी मोजली आणि मग सगळ्यांनी. आपण महिनाभर नव्वदाला शंभर म्हणत होतो हे कळल्यावर जो गलका झाला, तो मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत गेला. मुकी जागेवरून हलली नाही.

तिसऱ्या दिवशी ती टेबलाशी आली आणि तिने विचारलं की आजीला अजिबातच दिसत नाही का. आजी, तिचा आवाज जरा घोगरा आहे. मी म्हटलं की उजेड दिसतो, बाकी बोटांनी चालवते. मग तिने डब्यातला सगळ्यांत जाड दोरा मागून घेतला.

काल परीक्षा झाली. तिने दहा पट्ट्या मांडल्या आणि एकेका टाक्यावर बोट ठेवत शंभरापर्यंत मोजलं, इतकं हळू की मोठ्या बाईंना खुर्ची जवळ ओढावी लागली. ती दुसरीतच राहणार. जाड दोऱ्याची पट्टी तिने तुझ्यासाठी दिली आहे.

डोळ्यांसाठी दवाखान्याची तारीख घेतलीस हे तुझ्या मधल्या पत्रात वाचलं. मी येतेच आहे, तोवर डॉक्टरांशी भांडू नकोस.

टिटवी

२० ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तू परत गेलीस त्याच संध्याकाळी शेजारीण भाजी घेऊन आली. एका डोळ्यावर अजून पट्टी आहे, दुसरा अजून आंधळाच. म्हणून अजूनही मी सांगते आणि शेजारणीची मुलगी लिहिते. अक्षर नीट काढ म्हटलं की तोंड वाकडं करते, तेही तिला लिहायला लावलं आहे.

तू उशाशी ठेवून गेलीस ती जाड दोऱ्याची पट्टी अंगठ्याने मोजली. तीनदा. दहा आहेत. अंतर सारखं आहे, ताण सारखा आहे. ती पोर आमच्या दुकानात असती तर मालकाने तिला खिडकीजवळची जागा दिली असती. हे तिला सांग, पण फार गोड करून सांगू नकोस.

एकच चूक सापडली. शेवटी दोरा तसाच सोडला आहे, गाठ मारलेली नाही. अशाने ओढ बसली की सगळं निघून येतं. परत पाठवणार होते, मग म्हटलं, राहू दे.

गाठ मी मारली आहे.

तुझी आजी