बॅटरीच्या पाच तारा

सर, आज दुपारी विद्यार्थ्यांना घेऊन रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानासाठी बॅटरी आणि मोटरला वीज सोडणारा स्पीड कंट्रोलर निवडायला बसले होते. थोडक्यात उरकणारं काम, पण सगळी दुपार गेली, आणि त्याचं कारण तुम्ही आहात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ती चहाडी होईल.

नांदेडच्या तुमच्या स्वयंपाकघरातला तो रविवार मला अजून स्वच्छ दिसतो. मी तुमचीच विद्यार्थिनी, नुकतीच तुमच्याच विभागात शिकवायला लागलेली, आणि गॅदरिंगला उडवायचं विमान तुम्ही माझ्यावर सोपवलेलं. मोटरचा पंखा किती जोर लावतो हे मोजायला वजनकाटा हवा, आणि काटा काकूंच्या ओट्यावर. मी वेग वाढवते, पंखा गरगरतो, आणि परातीतलं ज्वारीचं पीठ उडून तुमच्या चष्म्यावर बसतं. काकू ओरडतात, "अहो, मी भाकरी थापू का तुमच्या विमानाला धरू?" तुम्ही चष्मा वर सारून मीटर वाचता. "सव्वीस अँपिअर. आता तू सांग पोरी, कंट्रोलर केवढा घ्यायचा?" मी म्हणते, तीन सेलांची बॅटरी आणि हाच पंखा असेल तर चाळीस अँपिअर झेपणारा पुरे, मोठा घेतला तर उगाच वजन. "हाव, बरोबर. नाकाला दगड बांधून कोण उडतंय?" त्या दिवशी तो मीटर तुम्ही मला देऊन टाकलात. म्हणालात, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. आपण मोजल्याबिगर बोलत न्हाई." ते वाक्य मी आयुष्याला बांधून घेतलं.

गॅदरिंगच्या सकाळी संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, विमान सरळ वर गेलं पाहिजे, रॉकेटसारखं. "जाईल की साहेब," तुम्ही म्हणालात. मी रिमोट घेऊन मैदानाच्या टोकाला गेले आणि बॅटरी तुम्ही बसवलीत. आपला कंट्रोलर सुरू होताना जितके सेल तितक्या शिट्या द्यायचा, पण मांडवात गाणी चालू होती, मला एकही ऐकू आली नाही. विमान खरंच सरळ वर गेलं. टाळ्या पडल्या. मग नाकातून धूर आला. कंट्रोलर जळला की शेपूट वळवणाऱ्या छोट्या मोटरींची वीजही जाते. मी रिमोटच्या काड्या ओढत राहिले आणि ते धोंड्यासारखं खाली आलं. अध्यक्ष सोफ्यावरूनच म्हणाले, "विमान होतं का दिवाळीचा बाण?" लोक हसले. आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मॅडमनी कंट्रोलर छोटा घेतला, साहेब. मी सांगितलं होतं, मोठा घ्या."

तोवर तुम्ही मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

तुकडे वेचताना मला बॅटरी सापडली. तीन सेलांच्या बॅटरीला चार्जिंगच्या पांढऱ्या प्लगपाशी चार तारा असतात. तिथे पाच होत्या. विमान सरळ वर जावं म्हणून तुम्ही चार सेलांची लावली होती. मी ती तुमच्यापुढे धरली. तुम्ही ती घेतलीत, तारांकडे पाहिलंत आणि पिशवीत टाकलीत.

तुमची चूक मला समजते, सर. जन्मभर तुम्ही वीजवाहिन्या शिकवल्यात: तेवढीच वीज न्यायची तर व्होल्टेज वाढवा, करंट उतरतो. पण पंखा तेवढीच वीज घेऊन गप्प बसत नाही. व्होल्टेज वाढला की तो जोरात फिरतो आणि करंटही जास्त मागतो, चाळीसच्या पलीकडे. फळ्यावर नेहमी खरं ठरलेलं वाक्य त्या सकाळी उलटलं, एवढंच. ही चूक माझ्याही हातून झाली असती. पण मोजल्याबिगर न बोलणारे तुम्ही, न मोजता बॅटरी लावलीत आणि माझं मोजलेलं खोटं पाडलंत. विमानाचं काम माझ्याकडून गेलं. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, कप छोटा घेता का मोठा?" तुम्हीही तिथे असायचात, पेपर वाचत. वर्ष संपलं आणि मी लातूरला आले.

मी वाट पाहिली, हे मात्र खरं. तुम्ही लातूरला तोंडी परीक्षेला आलात आणि माझ्या घरी जेवलात, तेव्हा मी तो मीटर मुद्दाम टेबलावर ठेवला होता. तुम्ही तो उचललात, उलटा करून पाहिलात. मला वाटलं, आता. "अजून चालू हाय का हे?" म्हणालात, आणि खाली ठेवून चटणी मागितलीत. "लई झकास झाली." पुढे तुमच्या जाण्याची बातमीच आली. मी कितीदा स्वतःला विचारलंय, तुम्ही खरंच विसरला होतात का. विसरला असाल तर माझा राग कुणावर आहे? पण तारांकडे पाहिलेली तुमची ती नजर मला आठवते, आणि उत्तर तिथेच अडतं.

आज विद्यार्थ्यांनी तुमचाच मीटर लावला. बॅटरी तीन सेलांची, पंखा तसलाच, आकडा सत्तावीस. एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, चाळीसचा बास होतंय की." तिचं बरोबर होतं आणि मला ते कळत होतं. तरी सगळी दुपार मी पुन्हापुन्हा मोजायला लावलं. दर वेळी तेच आलं, आणि शेवटी मी साठचा मागवला.

"कामून मॅडम?" तीच मुलगी म्हणाली. "उगं वजन वाढून राहिलं."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिते. मी तिला सांगितलं, "आमचे सर सांगायचे, मोठा घ्या." तिनं मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. तुम्ही ते कधीच सांगितलं नव्हतं, सर. आज माझ्या तोंडून पहिल्यांदा सांगितलंत.