निरंक रिपोर्ट आणि गावचा जावई

३ जानेवारी १९८९
अखेर गोव्यात एक तरी लायक माणूस लायक जागी बसला. मी.
कंपनीचं जहाज फेब्रुवारीत मोरजीसमोरच्या समुद्रात येणार. मागे कोसभर लांब केबल ओढत फिरणार आणि तळाखालच्या खडकांत तेल आहे का ते बघणार. जहाजावर साहेबलोक, किनाऱ्यावर मी, रिपोर्टिंग ऑफिसर. (ऑर्डरमध्ये 'असिस्टंट, टेंपररी' असं आहे. टायपिस्टची चूक असावी.)
काम पोरकट आहे. सरकारी नियम असा की, जहाज यायच्या आधी मच्छीमारांना रीतसर कळवायचं, वाटेतली जाळी काढायला लावायची आणि त्यांनी मान्य केलं असा रिपोर्ट पणजीच्या मत्स्य खात्याला पाठवायचा. आमचे वर्टीसाहेब म्हणाले, केबलीत एक जरी जाळं अडकलं तर तू घरी, काम नीट झालं तर कायम. मी म्हटलं, कायमची ऑर्डर आत्ताच टाइप करून ठेवा. हसले नाहीत. पणजीत राहून माणसाची विनोदबुद्धी जाते.
ठराव: रोज डिक्शनरीतले दहा इंग्रजी शब्द.

७ जानेवारी
दर शनिवारी रिपोर्ट. आठवडाभरात काही घडलं नाही तर काही घडलं नाही असाही रिपोर्ट. पाच प्रती. मराठीत त्याला 'निरंक' म्हणतात. काय शब्द आहे! अडाण्याला वाटतं कोरं ठेवलं. कोरं ठेवणं कोणालाही जमतं, निरंक लिहायला ऑफिसर लागतो.
आजचा रिपोर्ट: निरंक. सही मात्र झोकात केली.
डिक्शनरी उद्यापासून. आज कार्बन पेपरने हात काळे झाले.

११ जानेवारी
नोटीस तयार. नियमात 'स्थानिक भाषेत' आहे. खात्यातल्या क्लार्कला विचारलं कोणती. तो म्हणाला, राजभाषा कोकणी. शेजारच्या टेबलावरचा उसळला, मराठी काय मेली? दोघांची जुंपली. माझी फाईल चहाच्या कपाखाली. असल्या लोकांना राज्य मिळालं!
कोकणीत मी बायकोशी भांडतो. नोटीस भारदस्त पाहिजे. म्हणून लिहिलं: 'सर्व संबंधित मत्स्यव्यावसायिकांस सूचित करण्यात येते की, सागरतलाच्या भूभौतिकीय अन्वेषणार्थ नियोजित क्षेत्र जालविरहित ठेवावे.' आमच्या कोरगावात असं मराठी लिहिणारा दुसरा नाही.
बायकोला, सुमंगलेला, वाचून दाखवलं. म्हणाली, कोण वारलं?

१४ जानेवारी
मोरजीच्या पंचायतीच्या फळ्यावर नोटीस डकवली. संक्रांतीमुळे पंचायत बंद. कर्तव्याला सुट्टी नसते.
सुमंगला मोरजीची, म्हणून तिला समुद्रातलं सगळं कळतं असा तिचा समज. तिळगूळ वळता वळता म्हणाली, कागद कोण वाचतो, आमच्या अनंतमामाला सांगा. हा मामा देवळात गाऱ्हाणं घालतो. नारळ ठेवून देवाला मोठ्याने सांगायचं, सगळ्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तिचं म्हणणं, एकदा 'व्हय म्हाराजा' म्हटलं की त्या किनाऱ्यावरचा एक माणूस शब्द मोडत नाही.
मी जिऑलॉजी शिकलेला माणूस. (एक वर्ष. पुढे प्रोफेसरशी मतभेद झाले.) भारत सरकारचा नियम नारळावर चालवू? हसून घेतलं. तिने माझ्या वाटणीचा तिळगूळ डब्यात टाकला.

२१ जानेवारी
निरंक.

२७ जानेवारी
आज प्रत्यक्ष जनसंपर्क. बूट घालून मोरजीच्या वाळूत. बुटांत वाळू गेली, पण रुबाब राहिला. खारवी लोक जाळी विणत बसले होते. त्यांचा पुढारी धाकू. उघडा, डोक्याला फडकं. मी नोटीस मोठ्याने वाचली. सगळे उठून उभे राहिले. धाकूने खुर्ची मागवली, शहाळं आलं. मी विचारलं, समजलं? धाकू म्हणाला, व्हय व्हय. जाळी काढणार ना? व्हय तर. काही हरकत? आमची कसली हरकत, तुम्ही सांगितलात म्हणजे झालं.
निघताना माडाच्या झावळीत गुंडाळून इसवण दिलं, म्हणजे अख्खी सुरमई. हा प्रभाव असतो. दांडगे, निरक्षर लोक, पण अधिकाराची भाषा ओळखतात.
घरी सुमंगलेला ऐटीत सांगितलं. इसवणाच्या तुकड्यांना मीठ लावत ती म्हणाली, अहो, तुम्ही त्या गावचे जावई. जावयाला तोंडावर नाही कोण म्हणणार? तुम्ही समुद्र उपसा म्हटलं असतंत तरी व्हय म्हणाले असते.
मत्सर. माहेरी आपल्यापेक्षा नवऱ्याला मान मिळाला की बायकांना सहन होत नाही.

२८ जानेवारी
रिपोर्ट: 'मच्छीमारांनी एकमुखाने मान्यता दिली. क्षेत्र जालविरहित.' पाच प्रती. म्हापशाला जाऊन दारावरची पाटी रंगवायला टाकली. 'रिपोर्टिंग ऑफिसर'. टेंपररी हा शब्द पाटीवर बसत नाही, पेंटरच म्हणाला.

६ फेब्रुवारी
जहाज आलं! किनाऱ्यावर गर्दी. मी कंबरेवर हात ठेवून उभा होतो. एकाने विचारलं, जहाज तुमचं काय? मी नाही म्हटलं नाही.

७ फेब्रुवारी
मूर्खांच्या देशात काम करणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.
पहाटे धाकू आणि मंडळींनी नेहमीसारखी जाळी टाकली. नेहमीसारखी! केबल त्यांत गुरफटली. धाकूचं जाळं चिंध्या झालं आणि जहाज उभं राहिलं. मी धावत गेलो. विचारलं, तुम्ही व्हय म्हणाला होतात ना? धाकू फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसला होता. वर न बघता म्हणाला, जावयाक आमी व्हय म्हणतांव. गावान खंय व्हय म्हटलां?
 
वर्टीसाहेबांचा फोन मोरजीच्या पोस्टात आला. पोस्टमास्तर कान लावून. साहेब म्हणाले, जहाज शुक्रवारपर्यंत थांबेल. शनिवारी पाणी मोकळं दिसलं नाही तर जहाज रत्नागिरीकडे आणि तू कोरगावला. मी म्हटलं, चूक मच्छीमारांची. साहेबांनी फोन ठेवला. लाईन खराब असावी.

८ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. पाटी आली. कपाटामागे ठेवली.
संध्याकाळी धाकूने कोणाच्या तरी हाती बांगडे पाठवले. अपराधाची जाणीव झालेली दिसते. सुमंगला म्हणाली, जाळं फाटलं तरी जावयाचा मान चुकवत नाहीत, लाज वाटू द्या जरा. बांगडे ताजे होते. 

९ फेब्रुवारी
पहाटे मला एक कल्पना सुचली. लोकसहभाग! पारंपरिक माध्यमांचा आधुनिक वापर. देवळात गाऱ्हाणं घातलं तर? असं कोणाच्या डोक्यात आलं नसतं.
सुमंगलेला सांगितलं.  तिने नारळ पिशवीत घातला.
अनंतमामा गोठ्यात होते. पंचा नेसलेले, शेण हातात. मी भूभौतिकीय अन्वेषण समजावून सांगितलं. मामांनी सुमंगलेला विचारलं, ह्यो काय म्हणता? ती म्हणाली, जहाज येतला, जाळी काढूची आसत. मामा म्हणाले, इतक्याच? मगे महिनाभर हो काय करी होतो?
म्हातारपण. सोडून दिलं.

१० फेब्रुवारी
देऊळ भरलेलं. सगळे खारवी, बायका, पोस्टमास्तरसुद्धा. मी पुढे उभा, इस्त्रीचा शर्ट. नोटीस वाचू का विचारलं. मामांनी हाताने गप्प राहा म्हणून खूण केली.
मामांनी नारळ ठेवला आणि असा आवाज लावला की घंटा हलावी. बा देवा म्हाराजा, उद्या जहाज येतला, तेका वाट दी. व्हय म्हाराजा! लेकरांची जाळी आणि होडी सुखरूप ऱ्हवांदेत. व्हय म्हाराजा! धाकूचा जाळा फाटला, तेचा नुकसान भरून दी. व्हय म्हाराजा!
मला वाटलं, संपलं. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बा म्हाराजा, हो आमच्या गावचो जावय. हेका स्वताक काय कळणा नाय, आणि दुसऱ्याचा आयकणा नाय. हेच्या हातून काम जमत नाय तर जमात असा दुसरा कायतरी हेका दी.
व्हय म्हाराजा! देऊळ दणाणलं. बायकांच्या बाजूने सगळ्यात मोठा आवाज सुमंगलेचा.
आणि लहानपणापासूनची सवय. माझ्याही तोंडून निघून गेलं.

११ फेब्रुवारी
समुद्रावर एक जाळं नाही. जाळ्याचा एक तरंगता बोयासुद्धा नाही. जहाज सरळ रेषेत गेलं आणि आलं. धाकू होडीला टेकून बसला होता. मला बघून उठला, खुर्ची मागवली. मी बसलो नाही.
रिपोर्ट लिहिला: 'माझ्या प्रयत्नांमुळे'. खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. पाचही प्रतींवर खोडलेलं उमटलं.

१७ फेब्रुवारी
वर्टीसाहेबांचं पत्र. काम उत्तम झालं, देवळातली हकीकत पोस्टमास्तरांकडून कळली. कंपनी समाधानी आहे. धाकूचं जाळं कंपनी भरून देणार. पुढच्या मोसमापासून किनाऱ्यावर माणूस ठेवायची गरज नाही, पूर्वसूचना थेट श्री. अनंत यांना देण्यात येईल. त्यांचा पत्ता कळवावा, पाच प्रतींत.
कळवला.

१८ फेब्रुवारी
शनिवार.
निरंक.