विकलेलं तट्टू

तू तट्टू विकायला नको होतं, बा. इतकी वर्षं पोटात ठेवलं, आज लिहून टाकते. मेलेल्या माणसाला ‘कसा हाईस’ काय विचारू?

तुझं म्हणणं मला पाठ आहे. जवळा बाजारला कापूस वाहायचा, तर तिन्ही जोड्या लाल कंधारी बैलांच्याच पाहिजेत. जू एका मापाचं, एक बैल लंगडला की दुसऱ्या जोडीतला जुंपता येतो. तट्टूला दाणा वेगळा, नाल वेगळी, आन् बहुतेक दिवस नुसतं उभं. विकलंस. मग श्रावणात माय अडली. सुईण पलीकडच्या गावात. तट्टू बांधाबांधानं गेलं असतं. तुझी गाडी चिखलात चाकाच्या आखापर्यंत रुतली. सुईण आली तवा मायच्या तोंडावर लुगडं ओढलेलं होतं. तू तिच्या उशाशी बसून म्हणालास, “माझा हिशेब तर बराबर होता.”

आता तुझ्या पणतीचं ऐक. कोणतं विमान कुठं धाडायचं, हे ठरवायच्या हापिसात ती बसते. दिवाळीला आली तवा भाकरी थापता थापता मी विचारलं, “नांदेडचं विमान काहून बंद केलं गं?”

“आजी, तिथं लहान, पंख्याचं विमान जायचं. त्याचे पायलट वेगळे, मिस्त्री वेगळे, सामान वेगळं. मोठं धाडावं तर अर्धं रिकामं. सगळी एका जातीची ठेवली की कोणाचंबी काम कोणीबी करतं, विमान बसून राहत न्हाई.”

“म्हणजे माझ्या बानं तट्टू विकलं, तसं.”

“व्हय, तसंच!” पोरगी खुशीत हसली. गोष्ट पुढं कशी गेली ते मी सांगितलं न्हाई. सणाचं कशाला.

फाल्गुनात माझा ल्योक गेला, तिचा बाप. सकाळी छातीत कळ आली, दुपारी संपला. नांदेडचं विमान बंद, म्हणून पोरगी हैदराबादला उतरली, तिथून गाडीनं निघाली. गावाची रीत, दिवस मावळायच्या आत अग्नी. भाऊबंद थांबंनात. ती पोचली तवा राख धुमसत होती. चप्पल हातात घेऊन तिथंच उभी राहिली आन् म्हणाली, “आजी, माझा हिशेब तर बराबर होता.”

तेच बोल, बा. शब्दाला शब्द.

तिला पोटाशी धरलं. जाताना तिनं विचारलं, “मी चुकले का?” उत्तराची वाट ती अजून पाहून राहिली आहे.

हा कागद कुठं जायचा न्हाई, चुलीत जाईल. पोरीला मी कवाच माफ केलं. तुला करणं अजून जमंना.

उत्तर तू देऊ नकोस, तुझा हिशेब मला ठाऊक आहे. मायला बोलू दे.