माझ्या अक्षरातली गाडी

५ जानेवारी, सकाळी ११
आजपासून नोंदी ठेवणार. थोडक्यात आणि फक्त कामाच्या.
ह्यांनी सासऱ्यांची जुनी गाडी दुरुस्तीसाठी खोलायला घेतली आहे. दोन सीटची, इवलीशी. लग्न ठरल्यावर हे मला तिच्यातून फिरवायचे. मग छत गळायला लागलं, मग संसार.
२३ फेब्रुवारीला जुन्या गाड्यांची फेरी आहे. एक सीट ह्यांची. दुसरी कोणाची, ते हे बोलले नाहीत. अडतीस वर्षांनंतर सगळंच बोलून दाखवायचं नसतं.
सुटणाऱ्या प्रत्येक वायरला चिठ्ठी लावायचं काम मी मागून घेतलं. हे म्हणाले, लाव, पण बोलू नकोस. केवढा विश्वास!

९ जानेवारी
बावीस चिठ्ठ्या झाल्या. शाळेत सिस्टर माझी वही वर्गभर फिरवायच्या. अक्षर अजून तस्संच आहे.
वायरींचे रंग विटलेत, म्हणून नीट निरखून लिहिले. अबोली, मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी. ह्यांच्या मदतीला येणारे मिस्त्री म्हणाले, मॅडम, वायर आहे की साडी? आम्ही दोघं हसलो. हे हसले नाहीत. कामात फार बुडालेले असतात.

१० जानेवारी
ठराव : साधे रंग लिहायचे. लाल, हिरवा, निळा.
पण अबोलीला काय म्हणायचं? उद्या बघू.

१९ जानेवारी
वन्संचा फोन. म्हणाल्या, वहिनी, दादाने तुला बरं गुंतवून ठेवलंय गं, नाहीतर त्याचं डोकं खाल्लं असतंस. वन्संना कोणी कशात सामील करून घेत नाही, त्यामुळे असं बोलणं होतं. मी मनावर घेतलं नाही.
दुपारीही घेतलं नाही. संध्याकाळीही नाही.

४ फेब्रुवारी
जोडणी सुरू. छोटीशी अडचण. डावीकडचं बटण दाबलं की उजवा इंडिकेटर लागतो.
मिस्त्रींनी पुढचे दिवे माझ्या चिठ्ठ्या वाचून जोडले होते. हे त्यांच्यावर असे ओरडले! म्हणाले, हिच्या चिठ्ठ्या वाचायला तुला सांगितलं कोणी? मला एका शब्दाने बोलले नाहीत. सांभाळून घेतात ते असं.
मिस्त्री मला हळूच म्हणाले, मॅडम, डावं-उजवं ड्रायव्हरच्या जागी बसून ठरवायचं असतं. मी तिथे कधी बसलेच नाही. फाटकात उभी राहून वाट बघायचे आणि गाडी समोरून यायची. माझं डावं-उजवं तिथलं आहे.
खरा दोष सिस्टरांचा. कवायतीला आमच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि स्वतःचा डावा हात वर करायच्या.

७ फेब्रुवारी
डाव्या-उजव्याच्या एकसष्ट चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. अंगठा सुजलाय. नंबर घालून डबा ह्यांच्या हातात दिला. म्हणाले, ठेव तिकडे, आणि चहा टाक.

११ फेब्रुवारी
मिस्त्री मोबाइलमध्ये बघून वायरी जोडत होते. विचारलं, तर गडबडले. ह्यांनी पहिल्याच दिवशी, एकही वायर सोडायच्या आधी, सगळीकडचे फोटो काढून त्यांना पाठवले होते म्हणे. मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, मॅडम, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.
माहीत नव्हतं. पण फोटोही आणि चिठ्ठ्याही, याला म्हणतात पद्धतशीर काम. शिवाय फोटोंत अक्षर कुठे असतं?

१६ फेब्रुवारी
गाडी सुरू झाली!! मी आंघोळीला गेले होते. आवाज ऐकून साबणासकट कपडे चढवले नि धावले, तोवर दोघं चक्कर मारायला निघूनही गेले होते. आनंदाच्या भरात माणूस हाक मारायला विसरतो.

२० फेब्रुवारी
आपण किती वाजता निघायचं, विचारलं. हे म्हणाले, आपण कोण?
ह्यांचा विनोद पहिल्यापासून असाच, कोरडा.

२२ फेब्रुवारी, दुपारी ३
बाजूची सीट काढली. तिथे स्टेपनी, दुसरी बॅटरी, पेट्रोलचा कॅन आणि पाण्याचे दोन डबे बसवले. मी म्हटलं, मग मी कुठे बसू? हे म्हणाले, अगं, वाटेत बंद पडली तर यातलं सगळं उपयोगी पडेल. तू काय उपयोगाची? मिस्त्री पाना शोधायला बाहेर गेले. पाना त्यांच्या हातातच होता.
थोड्या वेळाने ह्यांनीच मला हाक मारली. दीड महिन्यात पहिल्यांदा स्वतःहून चिठ्ठी मागितली. सीट माळ्यावर टाकायची आहे, ती कशाची ते नंतर कळायला हवं ना. काय लिहू, विचारलं. म्हणाले, लिही, 'जादा'.
पहिली जरा तिरकी आली. फाडून दुसरी लिहिली. ह्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, बरोबर आहे.