आजीच्या हाकेला ओ

पापुआ न्यू गिनी
१२ ऑक्टोबर १९९४

प्रिय दादा,
तुमच्या करुणाचा प्रभूत सलाम.

आम्ही खुशाल आहोत. तुमच्या जावयांचं बायबलचं भाषांतर लूकच्या शुभवर्तमानापर्यंत आलंय. गावातल्या बाया भाजीपाला आणून देतात, काही कमी न्हाई. तुम्ही बराबर जेवता ना? सकाळचा चहा कोण करून देतं?

आई गेल्याची तार आधी आली. तिनं एस्तेरसाठी भरून पाठवलेली कॅसेट काल बोटीनं आली. तिच्यात मागं तुमचा खोकला ऐकू येतो. तो अजून हाय का? मस्तगडच्या डॉक्टरला दाखवा.

कॅसेटवर आई सारखी म्हणती, "कशी हाईस माय? कधी येतीस माय?"

एस्तेरनं विचारलं, माय म्हणजे काय? मी सांगितलं, आई. तर म्हणाली, "आजीची आई हरवली का? एवढ्या हाका मारून राह्यली, कुणीच कसं ओ देत न्हाई?"

नातीला लाडानं माय म्हणतात, हे सांगायला गेले अन् रडूच आलं. जावयांना सराव व्हावा म्हणून आम्ही घरातही इथलीच भाषा बोलतो, दादा. पोरीला मराठी येतच न्हाई. देवाचा शब्द साऱ्या गावाला समजावा म्हणून इथं आलो, अन् आईचा एवढासा शब्द माझ्याच घरात कुणाला कळंना.

मंग मी तिला एवढंच शिकवलं, आजीनं हाक मारली की 'ओ' म्हणायचं.

सकाळपासून ती टेपला तोंड लावून प्रत्येक 'माय'ला ओ देऊन राह्यली. टेप बंद करायला माझा हात धजत न्हाई.

तुमची लेक,
करुणा