डॉक्टरीणबाईंना वार आठवेना

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.
मी, सांडू कडुबा सोनवणे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार देवगाव रंगारी, शिक्षण इयत्ता चौथी (पहिल्या क्रमांकाने), माजी उपसरपंच, लिहून ठेवतो की, न्यूमोनियामुळे शहरातील रुग्णालयात, आयसीयूच्या खाट क्रमांक चारवर आहे. आता बरा आहे. उद्या वॉर्डात हलवणार, तेथे सौ. लक्ष्मीबाईस जवळ बसता येईल. तूर्त ती दाराबाहेर सतरंजीवर.
येथील शिकाऊ डॉक्टर तनुजा कष्टाळू, परंतु स्मरणशक्ती चिंताजनक. रोज मलाच विचारते, बाबा, तुमचं नाव काय, आज वार कोणता, आपण कुठं आहोत? काल सांगितलेले आज विसरते. ड्यूटीचा ताण. तिला आधार देण्याचा संकल्प केला आहे.

मंगळवार, ११.
संकल्पात सुधारणा. आयत्या उत्तराने विद्यार्थी आळशी होतो. वार विचारताच म्हणालो, तूच आठव. तिने कागदावर काही लिहिले.
वॉर्डात हलवणे पुढे ढकलले. तेथे खाट रिकामी नसावी.

बुधवार, १२.
परीक्षा घेतली. वार मुद्दाम रविवार सांगितला. ठिकाण, वाळूजची कंपनी. चूक पकडणे दूरच, तिने दोन्ही उत्तरे लिहून घेतली आणि मोठ्या डॉक्टरांना वाचून दाखवली! ते म्हणाले, गुड, बरं लक्षात आलं तुझ्या. जेथे गुरूच असे, तेथे शिष्येला काय बोलावे?
दुपारी माझ्या डोक्याचा स्कॅन. विनाकारण.

गुरुवार, १३. सायंकाळी ५.
सौ. भेटीस आली. डोळे सुजलेले. म्हणाली, मला वळखलं का? मी कोन? मनात म्हटले, हिलाही लागण झाली.
मग कळले. डाक्टरीन म्हनती, बाबांच्या डोक्यात घोळ झालाय, वार सांगता येईना, तवर वॉर्डात न्यायचं नाय. तीन दिस झाले, माझ्या पोटात अन्न नाय, असे म्हणून ती रडली.
मी उशीखालून ही वही पुरावा म्हणून काढली. तिला वाचता येत नाही. रुक्सार सिस्टरने वाचली. मोठ्याने. शेजारच्या खाटेवरील नवाबभाईंना हसून खोकल्याची उबळ आली. सौ. म्हणाली, लई शानपन झालं. उद्या नीट सांगा, न्हाय तर मी निघाले देवगावला.

शुक्रवार, १४. दुपारी १२. वॉर्ड.
सकाळी डॉ. तनुजाने तोंड उघडण्यापूर्वीच नाव, वार, ठिकाण एका दमात सांगितले. ती म्हणाली, शाब्बास बाबा. चौथीनंतर प्रथमच.
विद्यार्थिनी तयार झाली, असे समजण्यास हरकत नाही.
सौ. शेजारी बसली आहे. दर तासाला वार विचारते. मी सांगतो.
सकाळच्या परीक्षेस समक्ष हजर: डॉ. तनुजा, रुक्सार सिस्टर. नवाबभाई हसत होते; त्यांची साक्ष धरू नये.