खुर्चीत खोट नाही

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (पालथा नव्हे, उताणा, दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीत पडून लिहितो आहे. कारण सांगतो.) तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे.

तुमचं पत्र पोचलं. ‘सहा वर्षांत दवाखान्यात काडीची गुंतवणूक केली नाहीस’ हा आरोप साफ नामंजूर. दिव्याला बँडेज गुंडाळलं कोणी? ड्रिलच्या पेडलखाली वीट लावली कोणी? राहता राहिली खुर्ची. तिची पाठ खाली जाते आणि वर येत नाही, एवढंच. धाकटीनं (तुमची लाडकी भाची, दातांची डॉक्टर माझ्याइतकीच) डावीकडून गुडघ्यानं नेमका ठोसा दिला की येते. ती सहा वर्षं नवी खुर्ची मागते आहे आणि मी ‘पुढच्या वर्षी’ म्हणतो आहे. शब्द एकदाही फिरवलेला नाही.

काल हेडमास्तर दाढ काढायला आले. मी पकड लावली आणि खुर्ची धाडकन आडवी. मास्तरांचे पाय वर, तोंडात कापूस, दोन्ही हात माझ्या गळ्यात. ते बरंच बोलले. कापसामुळे मी ते कौतुक समजलो. (दाढ निघाली, हे कुणी लक्षातच घेत नाही.) धाकटीनं त्यांना उभं केलं, माफी मागितली, ॲप्रनची घडी टेबलावर ठेवली आणि तुमच्याकडे निघून आली. उद्यापासून कोपऱ्यावरच्या नव्या दवाखान्यात लागते म्हणे. लागू दे!

खुर्चीत खोट नाही हे दाखवायला आज नऊ वाजता मी स्वतः तिच्यात आडवा झालो. कमरेत उसण भरली, तो भाग वेगळा. आता एक वाजला. चार तासांत खुर्ची तसूभर हललेली नाही. याला भक्कम नाही तर काय म्हणायचं?

कुणापुढेही न वाकणारा,
तुमचा भाचा

ता.क. : हे पत्र घेऊन येणाऱ्या बाईंची दाढ ठणकते आहे. मी पडल्या पडल्या तपासायला तयार होतो, त्या नव्हत्या. धाकटीला दाखवा.

ता.क. २ : हाताशी नोंदवही तेवढी आली. यंदा जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या नावापुढे ‘ताईंकडेच’ असं लिहिलंय. बाहेर पाटीवर मात्र मी एकटा. फार वाईट वाटलं, मामा.

ता.क. ३ : तिला पाठवा. मला उठवायला नव्हे; उठेन मी कसाही. नवी खुर्ची तिनं निवडावी, पाटीवर तिचं नाव आधी घालावं. हे मी म्हणालो असं सांगू नका, तुम्ही दम दिलात म्हणून ऐकलं म्हणा. नको. मीच म्हणालो म्हणून सांगा.